आधी वायर, मग सेन्सर

जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याचा बराचसा भाग ताम्हिणीने एका दिवसात उरकला. अशा दिवसांत मुळशीच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. चांदणी चौकातून निघालेली मंडळी भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकत धबधबे बघायला जातात आणि घाटात ठिकठिकाणी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात. कुणाचा क्लच जळलेला असतो, कुणाचे इंजिन उकळलेले. या दोन्ही गोष्टी वासावरून कळतात. पण एक जात अशी असते की तिचे काहीच कळत नाही. सेल्फ खणखणीत फिरतो, दिवे लागतात, टाकीत डिझेल आहे, तरी इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासाने, कुणी काहीही न करता, तीच गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. मालक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पौड येईपर्यंत सगळे विसरतो. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बंद पडते, या खेपेला भर चांदणी चौकात.

या लपंडावामागे बऱ्याचदा अंगठ्याएवढा एक भाग असतो, क्रँक सेन्सर. किंवा त्याच्यापर्यंत जाणारी दोन-तीन तारांची वायर असते. दोषी कोण, याचा निवाडा करायची रीत पुढच्या प्रकरणांत दिली आहे. प्रस्तावनेत मुद्दा एवढाच मांडायचा आहे, की हा निवाडा बहुतेक ठिकाणी होतच नाही. सेन्सर बदलला जातो, कारण तो बदलता येतो. वायर तशीच राहते.

आधी या सेन्सरचे काम समजून घेतले पाहिजे. पिस्टन वर कधी येतो, हे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, स्वतःहून कळत नाही. ते कळावे म्हणून क्रँकशाफ्टवर, कधी पुलीजवळ तर कधी फ्लायव्हीलच्या बाजूला, एक दातेरी चकती बसवलेली असते. बॉशच्या पद्धतीत या चकतीवर साठ दातांची जागा असते, पण त्यातले दोन दात मुद्दाम ठेवलेलेच नसतात. म्हणजे प्रत्यक्षात अठ्ठावन्न दात आणि एक खिंडार. दर दाताला सहा अंश. खिंडार समोरून गेले की ईसीएमला ठिकाण सापडते आणि तिथून दात मोजत तो ठरवतो की स्पार्क कधी द्यायचा, डिझेल कधी फवारायचे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एक चक्र पुरे होते. त्यातला हा फेरा कोणता, पहिला की दुसरा, हे सांगायला कॅम सेन्सर असतो. काही इंजिने क्रँक सेन्सर गेला तरी कॅम सेन्सरच्या भरवशावर लंगडत घरी पोहोचतात. बाकीची जागच्या जागी थांबतात.

सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्यात एक चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, बस्स. लोखंडी दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र हलते आणि गुंडाळीत वीज उपजते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले हे तत्त्व मुळशीकरांना वेगळ्या रूपात चांगलेच ठाऊक आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्या धरणाचे पाणी घाटाखाली रायगडातल्या भिऱ्याला उतरते. १९२७ पासून तिथली जनित्रे चालतात ती याच तत्त्वावर. भिऱ्यात मेगावॅट निघतात. सेन्सरमधून सेल्फ फिरत असताना जेमतेम अर्धा-एक व्होल्ट निघतो, आणि इंजिन वेगात आले की तोच अनेक पटींनी चढतो. या सेन्सरला बाहेरून वीज लागत नाही, म्हणून तारा दोनच. फार तर तिसरी असते ती जाळीची, आजूबाजूचा विद्युत गोंगाट अडवण्यासाठी.

दुसरा प्रकार हॉल सेन्सरचा. एडविन हॉलने १८७९ मध्ये बाल्टिमोरला शोधलेल्या परिणामावर तो चालतो. याला तीन तारा: एक पुरवठ्याची, एक अर्थची, एक सिग्नलची. सिग्नल एकतर असतो किंवा नसतो, मधले काही नाही. गॅरेजात हा फरक न पाहता दोन्ही सेन्सरांना मल्टिमीटरचा ओहम लावला जातो. पहिल्या प्रकारात तो काहीतरी सांगतो. हॉल सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, त्यामुळे तिथे ओहमचा आकडा काहीच सांगत नाही, उलट सेन्सरला इजा होण्याचीही शक्यता असते. तरीही ‘मीटरवर काहीच दाखवत नाही, म्हणजे गेलाच’ असे म्हणून चांगले हॉल सेन्सर भंगारात जातात.

जुन्या पिढीच्या मेकॅनिकला हे सगळे थोतांड वाटायचे, आणि त्याला कारणही होते. प्रीमियर पद्मिनीत डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले की पॉइंट समोर दिसायचे. ते घासून, फटीचा अंदाज घेऊन गाडी रस्त्याला लागायची. १९९४ मध्ये पुण्यात तयार होऊ लागलेल्या टाटा सुमोच्या डिझेल इंजिनात क्रँक सेन्सर नव्हताच. पंप यांत्रिक. एकदा सुरू झाले की डिझेल तोडेपर्यंत चालणार. तालुक्यातल्या वडापच्या जीपगाड्या या साधेपणावरच तगल्या. बिघाड व्हायचा, पण तो हाताला लागायचा.

मग प्रदूषणाचे नियम आले. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ हा टप्पा देशातल्या तेरा शहरांत लागू झाला, त्यात पुणे होते आणि सोलापूरही. त्याबरोबर गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून दिवा लावायची सक्ती आली. २०१३ मध्ये ती आणखी कडक झाली. अमेरिकेत १९९६ पासून हे बंधनकारक होते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ आल्यावर यांत्रिक पंपाचा जमाना मोटारींपुरता संपला. आता पिरंगुटच्या गॅरेजात येणारी जवळपास प्रत्येक नवी गाडी क्रँक सेन्सरच्या इशाऱ्याशिवाय हलत नाही. पाना तोच, हात तोच. बिघाड मात्र हाताला लागेनासा झाला.

इथे स्कॅनर आला. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावला की कोड दिसतो, पी०३३५. चायनीज बनावटीच्या स्वस्त यंत्रावर त्याखाली एक ओळ येते, ‘क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर’. ग्राहकाने ही ओळ वाचली की निकाल लागला असे तो समजतो, आणि मेकॅनिकलाही तसे समजणे सोयीचे असते. पण त्या ओळीत पुढे ‘सर्किट’ असाही एक शब्द असतो, तो छोट्या पडद्यावर मावत नाही किंवा वाचला जात नाही. कोडची तक्रार सर्किटबद्दल आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, कप्लर येतो, वायर येते, ईसीएमची पिन येते, आणि ती दात असलेली चकतीही येते. शेजारचे कोड आणखी बारकावा देतात. पी०३३६ म्हणजे सिग्नल येतो पण त्यात गडबड आहे. पी०३३७ आणि पी०३३८ म्हणजे व्होल्टेज फार कमी किंवा फार जास्त. पी०३३९ म्हणजे सिग्नल मधूनच तुटतो. घाटात अर्ध्या तासाने चालू होणाऱ्या गाडीत बहुधा हा शेवटचा सापडावा. ज्या गॅरेजात कोड लिहून न घेताच पुसला जातो, तिथे हा सगळा पुरावा पहिल्या पाच मिनिटांत नष्ट होतो.

उलट गोष्टही घडते, कोड अजिबात नसण्याची. सेन्सर पूर्ण मुका असेल तर काही गाड्यांत ईसीएमला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही, मग तक्रार कशाची नोंदवणार? अशा वेळी ईसीएम डिझेल किंवा पेट्रोल सोडत नाही. मेकॅनिकला नोझलवर इंधन दिसत नाही आणि पेट्रोल गाडीत आधी फ्युएल पंप बदलला जातो. मागची सीट उचलून, टाकी उघडून, अर्धा दिवस घालवून. पंप चांगलाच होता. त्याला चालायचा हुकूम मिळत नव्हता. हे ओळखायची खूण साधी आहे. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघावे. बऱ्याच गाड्यांत तो शून्यावरून किंचित उठतो. स्कॅनरवर दीड-दोनशेच्या आसपास आकडा दिसायला हवा. काटा मेल्यासारखा पडून असेल आणि स्कॅनर शून्य म्हणत असेल, तर पंपाला हात लावण्याआधी क्रँक सेन्सरकडे वळावे.

वळल्यावर काय बघायचे? इथे मुळशीचा भूगोल कामाला येतो. चिखल, पाणी, डंपरच्या मागे उडणारी खडी आणि भातशेतीमुळे बारमाही असलेले उंदीर, या चौघांचे वायरशी हाडवैर आहे. सेन्सर इंजिनाच्या खालच्या अंगाला बसतो, तिथेच सगळे उडते. कप्लरचे रबर कडक झाले की पाणी आत जाते आणि पितळेच्या पिनांवर हिरवा साका धरतो. वरून कप्लर नवा कोरा दिसतो. तो उघडून, भिंगातून पिना बघितल्याशिवाय काही कळत नाही. एखादी पिन सैल झालेली असते. कुणीतरी तिच्यात टेस्ट लॅम्पचे जाड टोक खुपसून तिचे तोंड रुंद केलेले असते. तपासणी करताना केलेली ही जखम पुढच्या पावसात बाहेर येते.

दुसरी जागा क्लचची. गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बदलली आणि आठवड्याभरात गाडी बंद पडू लागली, अशी तक्रार आली तर फ्लायव्हीलच्या बाजूला सेन्सर असलेल्या गाडीत दुसरीकडे बघूच नये. गिअरबॉक्स परत चढवताना वायर क्लिपमध्ये न अडकवता सोडलेली असते, कधी ती बेल हाउसिंगच्या कडेला चेपलेली असते, कधी सायलेन्सरला टेकलेली. सेन्सरच्या टोकाला चुंबक असल्याने लोखंडाचा कीस तिथे दाढीसारखा चिकटतो, तोही याच वेळी पुसायचा राहून जातो. टोक आणि दात यांच्यातली फट साधारण मिलिमीटरभर. तिथे कीस साठला की सिग्नल बिघडतो.

तिसरी जागा कुणाच्याच मनात येत नाही. हॉल सेन्सरला पाच व्होल्ट देणारी ईसीएमची लाइन बऱ्याच गाड्यांत आणखी दोन-तीन सेन्सरांना सामाईक असते. समजा एसीच्या गॅसचे प्रेशर मोजणारा सेन्सर आतून शॉर्ट झाला. सगळी लाइन खाली बसते, आणि बंद पडतो क्रँक सेन्सर. नवा क्रँक सेन्सर टाकला तरी गाडी चालू होत नाही, मग बोट ईसीएमकडे जाते, आणि ईसीएमची किंमत ऐकून ग्राहक हबकतो. खरे म्हणजे पुरवठ्याच्या तारेवर पाच व्होल्ट आहेत का, एवढे मोजले असते तर पुढची वाट आपोआप दिसली असती. नसतील तर एकेक सेन्सरचा कप्लर काढत जावे. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, चोर तो. यासाठी मल्टिमीटर पुरतो. या लाइनवर बल्बचा टेस्ट लॅम्प मात्र लावू नये, ती तेवढा करंट द्यायला बनलेलीच नाही.

मल्टिमीटरबद्दलही एक सावधगिरी. वायरमध्ये तांब्याचे अनेक बारीक केस पिळलेले असतात. सगळे तुटून एक उरला, तरी मीटर कंटिन्युटीची शिट्टी वाजवतो आणि वायर ‘ओके’ ठरते. तो एकटा केस शांत उभ्या गाडीत जोडलेला राहतो, इंजिन थरथरले की सुटतो. म्हणून ईसीएमकडचा आणि सेन्सरकडचा असे दोन्ही कप्लर काढून, वायर टोकापासून टोकापर्यंत हलवत, वाकवत, ओढत मोजावी. एका हातात मीटर आणि दुसऱ्या हातात वायर, शिट्टी जिथे चुकते तिथे कापायचे. अर्थसाठी तर ओहम बाजूलाच ठेवावा. सेल्फ फिरत असताना सेन्सरच्या अर्थची पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांमध्ये किती व्होल्ट दिसतात ते बघावे. दशांश एक व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ गंजलेला आहे, सेन्सर कितीही नवा असो.

उष्णतेचा किस्सा याहून वेगळा. गुंडाळीच्या सेन्सरमध्ये केसाएवढी तार तापल्यावर प्रसरण पावते, आधीच अर्धवट तुटलेली असेल तर सुटते, गार झाली की जुळते. विळ्याहून ताम्हिणी चढून आलेली गाडी निव्याजवळ बंद पडते आणि धुक्यात अर्धा तास उभी राहिल्यावर चालू होते, त्याचे स्पष्टीकरण हे. पण इथेही घाई नडते. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. वीस अंशांना ८६० ओहम दाखवणारा सेन्सर शंभर अंशांना ११३० च्या घरात दाखवेल, आणि तो निरोगी असेल. आकडा हळूहळू वाढणे ठीक. तो एकदम अनंताला जाणे हा दोष. सेन्सर गाडीवरच ठेवून हेअर ड्रायरने तापवावा आणि मीटरकडे बघत राहावे. पाण्याचा संशय असेल तर इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घ्यावी आणि इंजिन चालू ठेवून कप्लरवर फवारावे. तक्रार गॅरेजात घडवून आणता आली की अर्धे काम झाले.

सेन्सर खरोखरच खराब निघतो, असेही होतेच, आणि ते मोठमोठ्या कंपन्यांनाही चुकलेले नाही. २००७ मध्ये निसानने अमेरिकेत अल्टिमा आणि सेंट्रा या मोटारी याच सेन्सरपायी परत बोलावल्या, तो आकडा साडेसहा लाखांच्या आसपास होता. चालत्या गाडीत इंजिन बंद पडण्याचा धोका होता. तेव्हा सेन्सरवर संशयच घेऊ नये, असा या पानांचा आग्रह नाही. संशय सिद्ध करावा, एवढाच आहे.

सिद्ध करण्याचे सर्वांत चांगले हत्यार म्हणजे ऑसिलोस्कोप. गॅरेजवाले त्याला नुसता ‘स्कोप’ म्हणतात आणि शक्यतो टाळतात. लॅपटॉपला जोडायचे साधे स्कोप आता आवाक्यात आले आहेत. पडद्यावर दातांची रांग दिसते आणि नियमाने येणारे खिंडार दिसते. एक दात वाकडा असेल तर तेवढीच एक लाट बुटकी दिसते, दर फेऱ्याला त्याच जागी. कोणताही सेन्सर बदलून ती लाट सरळ होणार नाही, चकती बदलावी लागते. साठाच्या चकतीचा आणखी एक फायदा आहे. मिनिटात साठ सेकंद आणि चकतीवर साठ दातांच्या जागा, त्यामुळे सिग्नलची वारंवारता हर्ट्‌झमध्ये जेवढी, तेवढेच इंजिनाचे आरपीएम. आठशे हर्ट्‌झ म्हणजे आठशे आरपीएम, गुणाकार करायचे कारण नाही. ज्या मल्टिमीटरवर हर्ट्‌झचे बटण आहे तोही मग अर्धा स्कोप होतो.

दुरुस्तीत होणाऱ्या चुकांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते सर्वांत आधी वाचले तरी चालेल. त्यातली एक चूक फार फसवी. तुटलेल्या दोन तारा जोडताना उलटसुलट जोडल्या जातात. दोन्ही एकाच रंगाच्या झालेल्या असतात, तेल आणि धुळीने काळ्या. गुंडाळीच्या सेन्सरला ‘प्लस-मायनस कुठे असतो’ असे म्हणून ते सोडून दिले जाते. पण लाट उलटी झाली की ईसीएमला खिंडाराची कड चुकीच्या क्षणी दिसते. गाडी चालू होत नाही, किंवा होते आणि ठसकत राहते. ओहम बरोबर, कंटिन्युटी बरोबर, सेन्सर नवा, तरी रोग कायम. तारा अदलाबदल केल्या की दोन मिनिटांत बरी. जोड देतानाही नुसता पीळ देऊन काळी चिकटपट्टी गुंडाळण्याची सवय मुळशीच्या पावसात एक मोसमही टिकत नाही. डाग देऊन वर आकसणारी नळी चढवावी, आणि जाळीची वायर असेल तर जाळी जशी होती तशीच, एकाच टोकाला अर्थ ठेवावी.

ही पाने कुणासाठी, हेही सांगायला हवे. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड करणाऱ्या मुलांना सेन्सरची नावे पाठ असतात, पण तक्रार घेऊन आलेल्या गाडीत सुरुवात कुठून करायची ते कुणी दाखवत नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या मेकॅनिकचे उलटे: हात तयार, पण मीटर टूलबॉक्सच्या तळाशी. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, तिथे देशभरातल्या इंजिनांची परीक्षा होते, आणि त्याच पौड रस्त्याने थोडे पुढे गेले की अंदाजाने सेन्सर बदलणारी गॅरेजे लागतात. या अंतराला मेकॅनिकच एकटा जबाबदार नाही. ग्राहक नव्या पार्टचे पैसे कुरकुर न करता देतो, पण ‘दोन तास तपासले, एक पिन घट्ट केली’ असे बिल दिसले की भांडतो. तपासणीची मजुरी वेगळी लावायची पद्धत रूढ झाल्याखेरीज वायर कुणी बघणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले बरे.

दुचाकी दुरुस्त करणाऱ्यांनीही हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. जुन्या बाइकची पल्सर कॉइल म्हणजे याच घराण्यातला सेन्सर, आणि २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या बाइक-स्कूटरमध्ये तिच्यावरच इंधनाचाही हिशेब चालतो. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून नवे प्रदूषण नियम लागू झाल्याने बांधावरही आता स्कॅनर येऊ लागला आहे.

पहिल्या प्रकरणाची सुरुवात सेन्सरपासून होत नाही, बॅटरीपासून होते. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली बसत असेल तर इंजिन मंद फिरते, आणि गुंडाळीच्या सेन्सरमधून निघणारा सिग्नल ईसीएमला मोजता येईल इतका उंच उठतच नाही. बॅटरी चार्ज करावी, टर्मिनल घासावीत, इंजिन आणि बॉडी यांमधली अर्थची पट्टी तपासावी, आणि मगच गाडीखाली जावे.